ओढ्याकाठची झाडी

प्रिय दादा,

बाबा दुपारी आपल्या दोघांच्या हातात एकेक थर्मामीटर द्यायचे, आठवतं? तू अंगणात उभा राहायचास, मी घरामागच्या टेकडीवरच्या झाडीत. माझा पारा नेहमी पाच-सहा अंशांनी खाली असायचा. "खोटारडी! फुंकर मारलीस," म्हणत तू माझी वेणी ओढायचास.

परवा मी त्याच जागी उभी राहिले. तिथे आता तुझा मका आहे, तोही करपलेला. पारा अंगणातल्याइतकाच चढला.

"अगं, हवा जगभर बदललीय. माझ्या चार झाडांनी काय होतंय?" म्हणालास.

चार? अख्खी टेकडी बोडकी केलीस, दादा! गारवा धरणारी झाडं तोडून जाळलीस आणि वर जगाकडे बोट दाखवतोस? जगभर सगळे हेच करून हेच म्हणताहेत!

आणि आता ओढ्याकाठची माझ्या वाट्याची झाडीही तोडायला तुला माझी सही हवी!

हे वाचलंस तर धावत येशील, आणि तू समोर आलास की मी विरघळते, म्हणून हे पत्र टाकणार नाही. वकिलांना मात्र सांगून झालंय. तुझे कागद सहीशिवाय परत येतील. इच्छापत्रही केलंय: आईच्या बांगड्या वहिनीला. ओढ्याकाठची झाडी माझ्यामागे तुझ्या लेकीला. तू तिथे सावलीत कधीही येऊन बस, फक्त कुऱ्हाड घरी ठेवून.

तुझ्यावर रागावलेली,
तुझीच छोटी