ताईच्या जखमेतला भटका तुकडा

मी, जंतुशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, अंगात ताप असला तरी डोके ठिकाणावर आहे असे डॉक्टरीणबाईंकडून लेखी घेऊन, हे मृत्युपत्र स्वखुशीने करत आहे. खुशी हा शब्द कायद्यापुरता.

१. राहत्या घरातला माझा निम्मा हिस्सा माझ्या भाचीला द्यावा. उरलेला निम्मा तिच्या आईचा, म्हणजे माझ्या ताईचा, तो ताई गेल्यावर तिच्याकडे आलेलाच आहे. जावईबापूंनी गच्चीवर पत्रे ठोकू नयेत. ऐकणार नाहीत, तरी लिहिते.

२. ताईचे शिवणयंत्रही भाचीलाच. त्यावर कपडे शिवून ताईने मला शिकवले. विकले तरी चालेल. मला ते बघवत नाही.

३. गोठवून ठेवलेले जंतूंचे नमुने, संस्थेच्या परवानगीने, माझ्या विद्यार्थिनीकडे जावेत. तिला आम्ही घोरपड म्हणतो. चिकटली की सुटत नाही. जंतूच्या जनुकांत काही तुकडे एका जागी ठरत नाहीत. स्वतःची कात्री स्वतःच बाळगतात, इथून सुटतात, तिथे घुसतात. औषधाला दाद न देण्याचा गुणही सोबत नेतात. जंतूच्या पोटात जनुकांचीच छोटी सुटी वर्तुळेही असतात; त्यातल्या एखाद्या वर्तुळावर असा तुकडा जाऊन बसला, की ते वर्तुळ शेजारच्या जंतूलाही मिळू शकते. यातच माझा जन्म गेला.

असा तुकडा मला, आज मी पडून आहे त्याच रुग्णालयाच्या मोरीत, एका निरुपद्रवी जंतूत सापडला. मी इथल्या बड्या साहेबांना म्हटले, "मोऱ्या उखडा. हा तिथे थांबणार नाही."

"बाई, मोरीतल्या जंतूनं कोण मेलंय?" ते हसले.

पुढे शस्त्रक्रियेसाठी ताईचा गुडघा इथेच उघडला. जखम चिघळली. तपासले तर तोच तुकडा, पण वर्तुळावर बसून दुसऱ्याच जंतूत शिरलेला. एकही औषध लागू पडले नाही. ताई म्हणाली, "तू एवढी शिकलीस, काहीतरी असेलच ना गं?" नव्हते.

४. बड्या साहेबांनी माझ्या शोकसभेत बोलू नये. हारही पाठवू नये.

५. आता ताईच्या जखमेतला तोच जंतू माझ्या रक्तात आहे. घोरपडीने माझा नमुना घ्यावा. उपाय सापडेल असे मला वाटत नाही. तरी घ्यावा.

६. भाचीने मला भेटायला येऊ नये. तिचे बाळ अंगावर पिते आहे. काल दाराच्या काचेपलीकडून ती म्हणाली, "मावशी, लांबच बसते की." नको. ती यावी असे मला फार वाटते, म्हणून हे कायद्याच्या कागदावर लिहून ठेवते आहे. येऊ नये.

सही: मावशी

साक्षीदार (दोघांनीही हातमोजे घालून सही केली):
१. या खोलीची परिचारिका
२. वकीलसाहेबांचे कारकून

ठिकाण: रुग्णालय, टोकाची वेगळी खोली
दिनांक: ९ नोव्हेंबर, सोमवार