बडनेऱ्याचा विलायती

शनिवार, १२ नोव्हेंबर १९३८. सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटे. अकोला.

या वेळेला, इथल्या एका कापसाच्या जिनाच्या आवारात, दोन-तीन हजार माणसांच्या डोळ्यांदेखत, जिंकत आलेल्या माणसाला हरलेला ठरवलं. घड्याळ माझ्या हातात होतं. उद्या कोणी म्हणेल अंधार पडला होता, नीट दिसलं नाही. दिसलं! चार पेट्रोमॅक्स पेटवले होते आणि मी पहिल्या रांगेत बसले होते. बायकांसाठी बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे जागा होती. तिथे मी बसले नाही. या गावातल्या अर्ध्या बायकांना मी बाराखडी शिकवली आहे, पडदा कोणापासून करू?

मुष्टियुद्ध होतं. एका बाजूला माझा भाचा चंद्रभान, धाकट्या भावाचा, खुशालरावचा मुलगा. दुसऱ्या बाजूला बडनेऱ्याच्या रेल्वे लोको शेडमधला, इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारा फायरमन डेनिस हॅरिगन. जिंकेल तो वऱ्हाडतर्फे नागपूरला, प्रांताच्या सामन्यांना जाणार. जाहिरातीत मात्र छापलं होतं, ‘विलायती वाघाशी वऱ्हाडच्या छाव्याची टक्कर’. विलायती! बडनेरा अमरावतीहून चार कोसही नाही.

तीन फेऱ्यांचा सामना. पहिल्या दोन डेनिसच्या. चंद्रभानचं नाक फुटलं होतं. हे मी सख्खी आत्या असून लिहिते. तिसऱ्या फेरीत कोपऱ्यात सांडलेल्या पाण्यावर डेनिसचा पाय घसरला. ठोसा लागलाच नाही. तो पाठीवर पडला आणि मी तीन म्हणेपर्यंत उभाही राहिला.

पण या गर्दीने जन्मभर कुस्त्या पाहिलेल्या. पाठ टेकली की संपलं. “चित! चित झाला!” अशी एकच आरोळी. दोरांखालून माणसं घुसली, चंद्रभानला खांद्यावर घेतलं, डोक्याला फेटा बांधला. पंच म्हणून बसवलेला नत्थुजी पहिलवान. त्याने एक आकडाही मोजला नाही, चंद्रभानचा हात वर केला आणि मोकळा झाला.

डेनिस मुठी वर धरून तसाच उभा होता. त्याच्याकडे पाठ करून सगळे नाचत होते.

रविवार, १३ नोव्हेंबर. अमरावती.

सकाळच्या गाडीने परतलो. डबा गुलालाने लाल. स्टेशनवर हारतुरे, ताशे. दारात भावजयीने, रुख्मिणीने, ओवाळलं. मला म्हणाली, “अक्काबाई, तुमी बी ओवाळा.” मी पाय धुवायला मागे निघून गेले.

मुष्टियुद्धाच्या नियमांचं पुस्तक इंग्रजीत आहे. दोन वर्षांपूर्वी चंद्रभानला ते मीच मराठीत समजावून सांगितलं. पडलेल्याला दहा आकडे मिळतात, तेवढ्यात उठला तर सामना पुढे चालू. हे त्याला पाठ होतं. अंगणात उभा राहून तो माझ्याकडून आकडे म्हणवून घ्यायचा आणि नवाला उठायचा. हसायचा.

आज दिवसभरात त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवार, १४ नोव्हेंबर.

सामना भरवणाऱ्या समितीच्या चिटणिसांना पत्र लिहिलं. वामनराव वकील. निकाल रद्द करा, सामना पुन्हा घ्या, एवढंच. खुशालरावने ते मेजावर पाहिलं. पानसुपारीचा डबा उचलून बाहेर गेला.

बुधवार, १६ नोव्हेंबर.

उत्तर नाही, म्हणून मीच गेले. वामनराव पक्षकारांना उठवून माझ्याशी बोलले, एवढा मान ठेवला. चहा आला. मग सुरू झालं.

“बाई, पाठ टेकली होती ना?”

टेकली होती, म्हटलं.

“मग हजारो लोकांनी पाहिलं ते खोटं?”

मी म्हटलं, मुष्टियुद्धात चित नावाची वस्तूच नाही. पुस्तक सोबत नेलं होतं, पान उघडून पुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. वकील आहेत, इंग्रजी येतं. चष्मा पुसला आणि म्हणाले, नियम बरोबर आहे, पण त्या रात्री दुसरा निकाल दिला असता तर लोकांनी मांडव पेटवला असता. आणि दुसरं असं, की वऱ्हाडच्या नावाने एक गोरा नागपूरला गेलेला कसा दिसेल? आजच्या दिवसांत?

मी सांगितलं की तो बडनेऱ्यात जन्मला, त्याचा बाप बडनेऱ्याच्या मातीत पुरलाय, आणि त्याचा वर्ण म्हणाल तर कोळशाने माझ्याहून काळा झालाय.

त्यावर ते हसले. फार गोड हसतात. “बाई, तुमचं शिक्षण नन्सकडे झालं. तुमचा ओढा त्या बाजूला असणं साहजिक आहे.”

साहजिक! सात वर्षांची होते तेव्हा बाबांनी मला कॉन्व्हेंटात घातलं. गावाने म्हटलं, खुळ्या पाटलाची पोरगी किरिस्ताव होणार. झाले नाही. अकोल्यात एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत घासली, तुमच्या बहिणींना सही करायला शिकवलं, आणि आज माझा ओढा ‘त्या बाजूला’! हेच वामनराव दर नाताळात कमिशनरसाहेबांच्या बंगल्यावर संत्र्यांच्या करंड्या घेऊन जातात. तिथला गोरा चालतो. शेडमधला नाही चालत. खरा साहेब आवाक्यात नाही म्हणून गरीब फायरमनला साहेब ठरवायचं आणि त्याला पाडून मिरवायचं! शौर्य म्हणतात याला.

चहा तसाच ठेवून उठले.

गुरुवार, १७ नोव्हेंबर.

रुख्मिणीने पहाटे शेजारच्या पार्बताबाईला सांगितलेलं ऐकलं. “घरचं अन्न खाते आन फिरंग्याचं गाऱ्हाणं गाते.” पेन्शन माझी आहे. गहूही माझ्याच वाट्याच्या शेतातला आहे. पण वाक्य चांगलं जमलं होतं, मानलं पाहिजे.

शनिवार, १९ नोव्हेंबर.

बडनेऱ्याला गेले. टांगेवाल्याने विचारलं, रेल्वे कॉलनीत कोणाकडे? नाव सांगितलं. “तो हारलेला विलायती?” गावोगाव पोचलंय.

डेनिस नुकताच पाळीवरून आला होता. ओट्यावर बसून साबणाने हात घासत होता. मला पाहून उभा राहिला, आणि आईची खुर्ची बाहेर आणली. आई आतल्या खाटेवर होती, दम्याची. तिने आतूनच हिंदीत विचारलं, कौन आया है. मी इंग्रजीत सुरुवात केली. तो दोन वाक्यं इंग्रजीत बोलला आणि मग आपल्या वऱ्हाडीत सुरू झाला —

“बाई, तुमी कायले एवढं चालून आल्या? झालं ते झालं.”

मी विचारलं, झालं कसं? नागपूरला जायचं नाही?

जायचं होतं. फार जायचं होतं. नागपूरला रेल्वेचे मोठे अधिकारी सामने पाहायला येतात, चांगला दिसला त्याला रेल्वेच्या कलकत्त्याच्या संघात घेतात. भट्टीपुढचं काम सुटतं, आईला घेऊन राहायला जागा मिळते. तो आता अठ्ठावीसचा. पुढच्या वर्षी त्याला कोणी विचारणार नाही. हे सगळं त्याने नखांतली काजळी काढत सांगितलं, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

जाहिरातीत विलायती छापलं तेव्हा तू बोलला का नाहीस, विचारलं. म्हणाला, समितीवाल्यांनीच सांगितलं की असं छापल्याशिवाय गर्दी जमत नाही. त्याला गंमत वाटली होती. शेडमधल्या पोरांनी दोन दिवस त्याला सलाम ठोकले.

“पन पब्लिक मले म्हने, जा तुह्या विलायतेले. बाई, मी भुसावळच्या पुढं गेलो नाई. कोन्त्या गाडीनं जाऊ?”

हसला. मला हसू आलं नाही.

चंद्रभानवर त्याचा राग नाही. चांगला लढतो, म्हणाला, डावा हात थोडा खाली ठेवतो, त्याले सांगजा. निघताना टांग्यापर्यंत आला. तक्रार मागे घ्या म्हणाला नाही. घेऊ नका असंही म्हणाला नाही.

सोमवार, २१ नोव्हेंबर.

आज चंद्रभानला गाठलं. आडावर आंघोळीला बसला होता, पळायला जागा नव्हती.

म्हटलं, दहा आकडे कोणी मोजले?

“कोनीच नाई.”

तो उठला होता की नाही?

“उठला होता, आत्याबाई. मी पाह्यलं.”

मग तू फेटा काढून का नाही फेकलास? त्याने अंगावर एक तांब्या ओतला. मग बोलला. एवढी माणसं त्याच्यासाठी कधी ओरडली नव्हती. तालमीत त्याला सगळे हातमोजेवाला म्हणून चिडवायचे, कुस्ती जमत नाही म्हणून हे बायकी खेळ करतो म्हणायचे. त्या दिवशी नत्थुजीने स्वतः त्याला मिठी मारली. डोक्यावरचा फेटा नत्थुजीचा होता.

मला वाईट वाटलं. वाटलं ते लिहिते. पण मी पुन्हा विचारलं — समोर डेनिसच्या जागी अचलपूरचा किंवा धामणगावचा एखादा पोरगा असता तर?

“मंग सांगितलं असतं न.”

हे त्याने लगेच सांगितलं. विचार न करता, पाण्याचा तांब्या हातात धरून. “तो आपला असता तर म्या सांगितलं असतं, आत्याबाई.”

वामनरावांच्या सगळ्या वकिलीपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. त्यात कपट नव्हतं. पोरगा वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. नियम मी शिकवले. नियम कोणासाठी असतात ते शिकवायचं राहिलं असं म्हणावं तर तेही मी शिकवलं होतं. पण ते घरात ऐकायचं असतं, आणि मांडवात दुसरंच खरं असतं.

डाव्या हाताचा निरोप दिला. त्याने मान खाली घातली. “त्यानं सांगितलं?” एवढंच विचारलं.

मंगळवार, २२ नोव्हेंबर.

समितीला दुसरं पत्र. पोच नाही.

गुरुवार, २४ नोव्हेंबर.

चंद्रभान नागपूरला गेला. सोबत खुशालराव आणि वामनराव. स्टेशनवर बँड होता म्हणे. मी गेले नाही. जाताना पाया पडला तेव्हा डोक्यावर हात ठेवला. तेवढा ठेवला.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर.

बाजारात तीन जणांनी विचारलं, भाच्याची तार आली का. चौथ्याने विचारलं नाही. त्याच्या मुलीला मी अकोल्याच्या शाळेत नापास केलं होतं.

शनिवार, २६ नोव्हेंबर.

रुख्मिणी तारेची वाट पाहत दिवसभर ओट्यावर. देवापुढे दिवा अखंड. मलाही एकदा विचारलं, नागपूरचे लोक आपल्या पोराले बरं वागवतील न? मी म्हटलं, लोक सगळीकडे सारखेच असतात. तिला त्याने धीर आला. मी त्या अर्थाने म्हटलं नव्हतं.

सोमवार, २८ नोव्हेंबर.

तिघे परत आले. चंद्रभानला दोरांच्या आतही जाऊ दिलं नाही. जबलपूरच्या पथकाने हरकत घेतली की सामने फक्त ब्रिटिश प्रजेसाठी आहेत. वऱ्हाड कागदोपत्री अजून निजामाचं, इंग्रजांकडे नुसतं कारभाराला दिलेलं. तेव्हा हा मुलगा परका. नागपूरच्या समितीने मान्य केलं. वामनराव कायद्याचे, त्यांनी परतीची तिकिटं काढली. चंद्रभान मला एवढंच म्हणाला, “तिथं पब्लिक मले म्हने, जा हैदराबादले.” मग भिंतीकडे तोंड करून निजला.

संध्याकाळी वामनराव आले. उरलेल्या लढती येत्या शनिवारी आहेत, अपील गुरुवारच्या आत नागपूरला पोचलं पाहिजे. इंग्रजी जोरकस हवं. “बाई, तुमच्यासारखं दुसरं कोण लिहिणार?” आता माझं कॉन्व्हेंट चालतं.

मी विचारलं, डेनिस बापाकडून कागदोपत्री ब्रिटिश प्रजा आहे, त्याच्यावर कोणी हरकत घेऊ शकणार नाही, त्याला का पाठवत नाही? ते म्हणाले, त्यापेक्षा वऱ्हाडची जागा रिकामी राहिलेली बरी.

खुशालराव, रुख्मिणी दोघं समोर होते. चंद्रभान भिंतीकडून वळला होता. मी सांगितलं. चंद्रभान परका नाही, हे मी लिहीन. रात्र जागून लिहीन. पण आधी डेनिस हॅरिगन परका नाही आणि बारा तारखेला तो हरला नाही, हे तुम्ही लिहा. समितीच्या कागदावर, सहीनिशी. उद्या, मंगळवारी, दुपारी बाराच्या आत.