कोचसाठी लावायचा कौल

२ फेब्रुवारी, सोमवार

काल सकाळी वाघजाईची पूजा आटोपली आणि नेहमीप्रमाणे फुटबॉलला कुंकू लावलं. फायनल होती. पिंट्या रिक्षावाल्याने चेंडू आणला, वाळू पुसून, टॉवेलात गुंडाळून, बाळंतिणीचं मूल आणावं तसा. देवीच्या पायाशी ठेवून गाऱ्हाणं घातलं. पिंट्या गेला. नरेश कोच मात्र खांबाला टेकून बसून राहिला. एरवी मॅचच्या दिवशी तो घंटा वाजवून पळतो.

म्हणाला, "दादा, नवी मुंबईतल्या एका अकादमीनं बोलावलंय. एप्रिलपासून. शिमग्यापर्यंत कोणाला बोलू नका."

बरं म्हटलं. 

संध्याकाळी ओहोटीला किनाऱ्याच्या वाळूवर मॅच. याही वर्षी आपणच जिंकलो. पोरांनी नरेशला उचललं. एक खांदा वरच्या आळीचा, एक खालच्या. सगळे नाचत होते, मी ते दोन खांदे बघत उभा. 

५ फेब्रुवारी

बातमी फुटली. माझ्याकडून नाही. पिंट्याला अलिबागच्या स्टँडवर कळली. धाकट्या भावाच्या, मधूच्या, चहाच्या टपरीवर सकाळपासून तेच.

"जाईल कुठं? गावचा जावई हाय."

"जावई म्हंजी काय खुंटीला बांधलेला रेडा हाय?"

पिंट्या : "मी सोडनारच नाय त्याला. रेवसच्या लाँचपर्यंत रिक्षा कोनाची? माझी."

"यष्टीनं जाईल."

"यष्टीफुडं आडवा झोपंन."

"झोप. उठवाला कोन येनार नाय."

हशा. मग कोणी म्हणालं, जाऊ दे, नवा कोच आणू, वाळू तीच, चेंडू तोच. मधू कपबश्या विसळत होता. वर न बघता म्हणाला, "आना. पन तो बिऱ्हाड कोनच्या आळीत करील?"

 सगळे चहा पिऊन पांगले.

नरेशचं सासर खालच्या आळीत, बिऱ्हाड वरच्या. आणि त्याचा तो सरावाचा नियम. दोन्ही आळ्यांच्या पायाला चेंडू लागल्याशिवाय गोल मोजायचा नाही. पहिल्या वर्षी पोरं शिव्या घालत. एकमेकांना पास द्यावा लागे ना! आता कोणाला आठवतही नाही की हा नियम आहे.

९ फेब्रुवारी

भांगाचे दिवस, ओहोटी धड होत नाही. संध्याकाळी अर्धं मैदान पाण्याखाली, सराव नाही. पोरं दोन ठिकाणी बसली होती. वरची नारळीखाली, खालची होड्यांकडे. उगाच मनाला लागलं. एरवीही बसत असतील.

नंतर हरीतात्या देवळात आले. वरच्या आळीचे मानकरी. चप्पल काढता काढताच म्हणाले, "शिमग्याला पालखीला पहिला खांदा कोणाचा ते आत्ताच ठरवून टाका. कोच आहे तोवर गोष्ट वेगळी होती."

नरेश आल्यापासून पहिला खांदा टीमचा. दोन्हीकडची पोरं एकत्र. तात्यांनीच ते तेव्हा मान्य केलं होतं.

त्याआधीचा शिमगा आठवायचा नाही म्हटलं तरी आठवतो. पालखी जमिनीवर टेकलेली. पहिल्या खांद्यावरून दोन्ही आळ्यांच्या वेळूच्या काठ्या. मधू सोडवायला मध्ये पडला. कानामागून रक्त. डाव्या कानाने त्याला अजून ऐकू येत नाही, गिऱ्हाईक त्या बाजूने बोललं की नुसता हसतो.

आई वाघजाई, यंदा पालखी टेकू देऊ नकोस.

१२ फेब्रुवारी

गावकी बसली. नरेशला मधोमध बसवलं, लग्नातल्या नवऱ्यासारखं. प्रत्येकाने बोलून घेतलं. कोणी हात जोडले, कोणी उपकार काढले. पिंट्या रडला, मग रडलो नाही म्हणाला. शेवटी ह.ता. म्हणाले, "माणसांनी भांडून काय होणार? कौल लावू. देवी सांगेल ते."

दोन्ही आळ्या लगेच हो म्हणाल्या. या गावात दोन्ही आळ्या दोनच गोष्टींना हो म्हणतात, कौल आणि गोल.

नरेशला विचारलं. तो म्हणाला, "देवी सांगेल ते मान्य." आणि माझ्याकडे बघितलं.

तो मोडणार नाही. मुंबईत असतानाही शिमग्याला चालत आलेला माणूस. एकदा राहा म्हणून कौल झाला की अकादमी काय, सोन्याचं मैदान दिलं तरी जायचा नाही.

ठरलं असं : मंगळवार २४. राहायचा असेल तर उजवी कळी पडावी, जायचा असेल तर डावी. आम्हा गुरवांत यंदा शिमग्यापर्यंत पूजेची पाळी माझ्याकडे. देवीच्या शिळेला उजवी-डावीकडे ओल्या कळ्या मी लावायच्या; आधी गळेल ती कळी म्हणजे कौल.

घरी येऊन जेवलो नाही.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. दुपारी मागच्या अंगणात एकटाच होतो. तगरीच्या कळ्या तोडल्या, पाटा उभा केला, आणि दोन्ही बाजूंना कळ्या लावून बघितल्या. का केलं, सांगता येत नाही. हात बघायचा होता.

वडिलांनी शिकवलं तेव्हा सांगितलं होतं, दोन्ही कळ्या सारख्या ओल्या, अंगठा सारखा, मन कोरं. इतकी वर्षं तसंच लावत आलो. लग्न, विहीर, आजारपण, हरवलेली म्हैस. काय पडेल याचा विचार कधी मनात आला नाही. आज उजवी पडावी असं मनात धरून लावली. उजवी पडली. परत लावली. परत उजवी. अंगठ्याला आपोआप कळतं किती पाणी ठेवायचं. मी त्याला शिकवलं नव्हतं.

सुनंदा ताक घेऊन बाहेर आली. "अहो, पाट्याला कसला कौल? मसाला वाटू की नको ते विचारताय?"

हसलो. उरलेल्या कळ्या मुठीत झाकल्या.

१७ फेब्रुवारी

नरेश वाडीत आला. मी सुपाऱ्या वेचत होतो, तोही वेचायला लागला. 

मग म्हणाला, "बरं झालं दादा, कौल लागतोय. माझ्या डोक्यावरचं ओझं गेलं."

मी म्हटलं, "तुझ्या मनात काय आहे?"

"ते कशाला आता."

"सांग तरी."

"जायचंय." सुपारी हातात फिरवत राहिला. "बायको म्हणते तुम्ही ठरवा. पोरं म्हणतात सर जाऊ नका. चाळिशी उलटली दादा. हिरव्या गवतावर टीम उतरवायची एकदा. पुन्हा कोणी विचारणार नाही. लाज वाटते सांगायला, पण जायचंय."

"मग गावकीत का नाही बोललास?"

"सगळ्यांची तोंडं बघितलीत ना तुम्ही?"

बघितली होती. त्यात माझंही होतं, हे त्याला सांगितलं नाही.

जाताना म्हणाला, "उजवी पडली तर मनापासून राहीन हां. तोंड वाकडं करणार नाही." हे ऐकून जास्तच भीती वाटली. खरंच राहील, आणि मनापासून राहील. माझ्या अंगठ्यामुळे.

२० फेब्रुवारी

पिंट्याने देवळाच्या पायरीवर नारळ ठेवला. "माझ्या नावानं नको, टीमच्या नावानं फोडा. आणि दादा, कळी जरा..." पुढे बोलला नाही. कान पकडून पळाला. त्याचं पोरासारखं आहे, मी मनावर घेत नाही.

ह.ता. तसे नाहीत. सं. आरतीनंतर थांबले. इकडचं तिकडचं बोलले. मग, "गुरवा, देवीला गावाचं हित कळतं. तू फक्त हात सैल सोड."

मी म्हटलं, "हात देवीचाच असतो, तात्या."

"असतो. पण डावी पडली तर शिमग्याला आमची पोरं ऐकतील याची हमी मी घेणार नाही. मधूला त्या दिवशी घरात ठेव." प्रेमानेच म्हणाले. पाठीवर हात ठेवून.

खोटं वाटावं असं काही त्यात नाही. म्हणूनच झोप येत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळची ओहोटी. नरेश अकादमी बघायला गेला आहे. पोरं आपली आपण खेळत होती. मधू टपरी बंद करून गोलच्या मागे बसतो, तिथे त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. सगळं सांगितलं. पाटा, अंगठा, तात्या. इतकं कोणाजवळ बोललो नव्हतो.

मधू वाळूत रेघ ओढत राहिला. मग म्हणाला, "दादा, तू माझ्यासाठी लावनार काय उजवी?"

मी मैदानाकडे बघू लागलो.

"माझा कान गेला तवा पन गाव बोलला, देवीची इच्छा. देवीनं काठी नव्हती मारली. कोनी मारली ते मना ठाव हाय. रोज माझ्याकडं चहा पितो. तिच्या नावावर आनखी काय टाकू नको."

कोण ते विचारलं नाही. ऐकायची छाती नव्हती.

तेवढ्यात समोर गोल झाला. तिघं खालच्या आळीची पोरं आपसात पास देत गेली आणि मारला. मारणाराच ओरडला, "नाय मोजायचा! नाय मोजायचा!" आणि चेंडू आणायला पळाला. कोच नसताना.

मधूने कोपर मारलं. मी मान हलवली. पण एका गोलावर विश्वास ठेवून पालखी काढायची? शिमगा तोंडावर आलाय. पोरं वाळूवर जशी वागतात तशी काठ्या हातात असल्यावर वागतील?

२३ फेब्रुवारी

नरेश परत आला. भेटला नाही. पिंट्या म्हणतो, रिक्षात बसल्यापासून मैदानाबद्दलच बोलत होता, मग एकदम गप्प झाला.

सकाळी पूजेत देवीला म्हटलं, माझं मन कोरं कर. नाही झालं. दुपारी परत म्हटलं. नाही. मला नरेश हवा आहे. पालखीसाठी, मधूसाठी, आणि खरं तर रविवारच्या खेळाच्या त्या दोन तासांसाठीही, ज्यात मला कसलीच भीती वाटत नाही. हे असं मन घेऊन कळी ओली करायची?

आणि नाही लावली तर? पिढ्यान् पिढ्या आमच्या घराने कौल नाकारल्याचं ऐकलेलं नाही.

सुनंदाला विचारलं. म्हणाली, "तुम्हाला सकाळी आरशात बघता आलं पाहिजे. मला बाकीचं कळत नाही." आणि तांदूळ निवडत बसली. पण तेच ताट दोनदा निवडलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे अंघोळ. कळ्या तोडल्या, नेहमीसारख्या, तबकात. देऊळ भरलेलं, बाहेर पायऱ्यांवरही माणसं. ह.ता. पुढे. पिंट्या खांबाला धरून. मधू दाराशी, उजवा कान आत करून. नरेश देवीसमोर मांडी घालून, डोळे मिटून.

गाऱ्हाण्याला उभा राहिलो.  आवाज निघाला तो इतका मोठा की मीच दचकलो.

म्हटलं, "कळी लावणाऱ्याचं मन कोरं लागतं. माझं नाही. मला नरेश इथे राहायला हवा आहे. मी लावली तर उजवीच पडेल, आणि ती देवीने दिलेली नसेल."

तबक उचललं आणि सगळ्या कळ्या देवीच्या पायाशी वाहिल्या. एकही शिळेला लावली नाही.

 मग जे झालं ते सगळं लिहिता येणार नाही. कोणी म्हणालं गुरवाला वेड लागलं. कोणी म्हणालं कोणीतरी फितवलं. ह.ता. म्हणाले, "मग दुसरा कोणी लावेल." दुसरा कोणी उठला नाही. तात्यांनी माझ्याकडे बघितलं ते बघणं विसरता येणार नाही. चप्पल न घालताच गेले, मग पोराला चप्पल न्यायला पाठवलं.

नरेश शेवटपर्यंत बसून होता. देऊळ रिकामं झाल्यावर डोळे उघडले. वाटलं, आभार मानेल. म्हणाला, "दादा, हे काय केलंत? आता मलाच सांगावं लागेल सगळ्यांना."

"हो."

"जातो म्हणून किंवा राहतो म्हणून. माझ्या तोंडाने."

"हो."

रागाने उठला. दारात मधूने त्याला वाट दिली. फायनलचा चेंडू अजून देवीपाशीच होता, जिंकल्यावर वाहिलेला. नरेश परत आला, तो उचलला, पदरात घ्यावा तसा शर्टात घेतला आणि ओहोटीकडे गेला. सराव घ्यायला की निरोप घ्यायला, कळलं नाही. मी मागे गेलो नाही.

शिमग्याचं काय होईल ते माहीत नाही.  दुपारी मधूकडे जाऊन चहा प्यायलो आणि सांगून आलो, पालखीच्या दिवशी घरात बसू नकोस, माझ्या शेजारी चाल. मी तुझ्या डाव्या बाजूला असेन.