मी शांत कधी होते गं आक्का?

कोल्हापूर
(तारीख नंतर घालते, कॅलेंडर आतल्या खोलीत आहे आणि तिकडं गेले तर परत येईन याची खात्री नाही.)

तीर्थस्वरूप सौ. आक्का हिच्या चरणी धाकट्या शांतव्वाचे शरणु शरणार्थी. दाजींनाही सांग. तुझे गुडघे, दाजींची साखर, तुझ्या लेकाची, संगमेशची, व्यालेली म्हैस आणि परसातला कढीपत्ता सगळे ठीक असतील अशी आशा करते. इकडे मी बरी आहे. हे वाक्य लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मी बरी आहे यावर आता माझ्याशिवाय कुणाचाच विश्वास उरलेला नाही, आणि त्याला कारण तू आहेस. मी तुझ्यावर भयंकर रागावले आहे, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर चार पानांनंतर ते सांगायचं राहून जाईल.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर मी माझं सांगायला बसते आणि संपवते शेजारच्या बयाबाईच्या नणंदेच्या मोतीबिंदूवर. शिवाय हल्ली तू फोनवर व्हय व्हय करतेस आणि लगेच दाजींच्या हातात देतेस. (मोठ्या झालात. धाकट्या बहिणीशी काय बोलायचं!) पत्र कसं, मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

तर झालं असं. गेल्या महिन्यात मी दूध गॅसवर ठेवलं आणि गच्चीवरचे कपडे काढायला गेले. गच्चीवरून खाली कोथिंबीरवाला दिसला. कोथिंबीर घ्यायला उतरले तर तो पुढच्या गल्लीत गेलेला, म्हणून स्कूटी काढली. स्कूटीवर बसल्यावर आठवलं की चष्म्याची दांडी निसटलीय, ती महाद्वार रोडला बसवून मिळते. तिथं दुकानदाराच्या सुनेला मुलगी झालेली, पेढा मिळाला. पेढा खाताना दूध आठवलं. घरी आले तर दारात ही गर्दी. कडी तोडलेली, पातेल्याचा कोळसा झालेला आणि बयाबाई बोंबलत होती, "काकू, घर पेटलं असतं की वं! हायसा कुठं तुमी?" पेटलं काही नव्हतं, नुसता धूर होता. पण तिनं तो धूर फोनवरून पुण्याला सम्राटकडे पोचवला आणि माझा लेक दुसऱ्या दिवशी दारात हजर. (दिवाळीला रजा मिळत नाही. धुराला मिळते.)

आता तूच सांग, आक्का, दूध उतू घालवायची ही माझी पहिली वेळ आहे का? लग्न होऊन आले त्या आठवड्यातच सासूबाईंचं पितळी पातेलं जाळून झालं होतं. पण तिशीत दूध करपलं की बाई धांदरट असते आणि साठीत करपलं की तिचा मेंदू गेलेला असतो. दूध तेच, बाई तीच. सम्राटनं मला विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथं मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं. शंभरातून सात, सात कमी करायला लावले. आंबा, खुर्ची आणि नदी हे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. ते मला आजही पाठ आहेत, बघ, लिहिले की नाही! पण वजाबाकी चालू असताना त्यांच्या पंख्यातून कटकट आवाज येत होता, तो कुठून येतो ते मी बघत बसले आणि त्र्याण्णवावरच राहिले. आज वार कोणता विचारलं. मला वार कधी माहीत असतो? खानावळ होती तेव्हा आमटी कसली आहे त्यावरून मी वार ओळखायची. मसूर असली की मंगळवार.

बाई मात्र शहाण्या होत्या. त्यांनी सम्राटला विचारलं, आई आधीपासूनच अशी आहे का? तो म्हणाला, आई कायम कामात असायची, मला काय माहीत. मग त्या म्हणाल्या की काही माणसांचं लक्ष जन्मापासूनच एका जागी ठरत नाही. लहानपणी ते पायात दिसतं, मूल पळत सुटतं. वय वाढलं की पाय थांबतात आणि पळापळ डोक्यात शिरते. बायकांची पाळी गेली की पुष्कळदा ते आणखी वाढतं, आणि कामाधंद्याचा रेटा संपला की उघडं पडतं. मग लोकांना वाटतं म्हातारपणाचा विसराळूपणा. आक्का, मी खुर्चीतून उठलेच. एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल इतकं नीट कुणी बोललं नव्हतं. आणि हे तेच, जे आपल्या क्रांतीला आहे! माझ्या नातीला पुण्यात त्याचं इंग्रजी नाव सांगून गोळी देतात, शाळेत पुढचा बाक देतात, सून निशिगंधा तिला रागावताना आवाज खाली घेते. क्रांतीला समजून घ्यायचं असतं. मला समजून घेण्यासाठी अव्वाकडे एक उलथनं होतं.

पण बाई म्हणाल्या, खात्री करायची तर तुम्हाला लहानपणी पाहिलेलं माणूस पाहिजे. हे बालपणापासून असेल तर एक गोष्ट, आता नव्यानं सुरू झालं असेल तर दुसरी. अव्वा-अप्पा गेले. मास्तर गेले. उरलीस तू. मी खुशीत तुझा नंबर लावून दिला. म्हटलं, माझी निंदा करायला आक्कापेक्षा चांगलं माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडणार नाही. गडहिंग्लजपासून गगनबावड्यापर्यंत.

आणि तू काय बोललीस? स्पीकर चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. "लई गुणी पोरगी. एका जाग्याला बसायची. रुमालावर मोर भरायची. आवाज म्हणून न्हाय तिचा."

मोर? मी? आक्का, मोर तू भरायचीस. मी त्या मोरावर दौत सांडली होती आणि तू मला विहिरीपर्यंत पळवत नेली होतीस. मला ठाऊक आहे तू असं का बोललीस. परक्या माणसापुढं घरातल्या पोरीला नाव ठेवायचं नाही. पाव्हणे मला बघायला आले तेव्हाही तुम्ही सगळे असंच बोललात, मुलगी अगदी गरीब गाय आहे म्हणून, आणि मी तेव्हा आत चहाच्या पातेल्यात साखरेऐवजी मीठ टाकत होते. पण ते स्थळ होतं गं. हे औषध होतं. डॉक्टरीणबाई काय माझं लग्न लावून देणार होत्या? त्यांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि सम्राटनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मेलेच आहे आणि फक्त मला कुणी कळवलेलं नाही.

त्यांना खरं काय सांगायचं होतंस ते मी आता लिहिते. अव्वा मला दिवसभर "सुम्न कुंदर" म्हणायची. गप बस, गप बस. मला बरीच वर्षं वाटायचं, नाव शांतव्वा आणि आडनाव कुंदर. गौडांच्या घरी ताक आणायला पाठवलं तर मी दिवेलागणीला कुत्र्याचं पिल्लू घेऊन आले, आणि तांब्या कुठं राहिला ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही. पारायणात मी बसावं म्हणून अव्वानं माझा पाय तिच्या पदराला बांधला, तर मी तिचा पदर घेऊन पळाले. अव्वा तशीच भरल्या देवळात. शाळेत मास्तर मला बाकावर उभं करायचे. ती शिक्षा होती असं मला कुणी सांगितलंच नाही. वरून बाहेरचं छान दिसायचं.

मोठी झाले तसे पाय थांबले, किंवा साडीनं थांबवले. पण आतलं कुठं थांबतंय? सासूबाई एक वाक्य बोलायच्या तोवर मी तीन ठिकाणी जाऊन यायची. धांदरट म्हणाल्या, वेंधळी म्हणाल्या, मन लागत नाही म्हणाल्या, पोटी लेक आल्यावर आई असून असली म्हणाल्या. हे गेले आणि मी खानावळ काढली, तेव्हा सगळे म्हणाले ही काय चालवणार! पण तिथंच मी शहाणी ठरले, आक्का. एकीकडे भाकरी फुगतेय, दुसरीकडे फोडणी जळतेय, पंगतीत चौघं एकदम ओरडतायत, "मावशी, कट वाढा की," आणि माझं डोकं एकदम स्वच्छ. माझ्यासारखीला आग लागलेलं घरच बरं. गुडघ्यांनी साथ सोडली, खानावळ बंद केली, घर गप्प झालं आणि मी त्या गप्पपणात हरवायला लागले. मी विसरत नाही गं. मी एका वेळी फार ठिकाणी असते, इतकंच.

तर आता स्थिती अशी. सम्राटनं जाताना गॅसचा रेग्युलेटर काढून बॅगेत घालून पुण्याला नेला. (लोक आईचा फोटो नेतात.) स्कूटीची किल्ली बयाबाईकडे. अर्ध्या राजारामपुरीला जेवू घातलेल्या बाईला आता दोन वेळचा डबा येतो, आणि आमटीत साखर असते. कोल्हापुरात! सोमवारी डॉक्टरीणबाईंनी परत बोलावलंय. त्या दिवशी शेवटचं काय ते ठरणार. म्हातारपणाचा आजार ठरला, की घर भाड्यानं देऊन मला पुण्याला अकराव्या मजल्यावर नेणार आहेत. निशिगंधा फार प्रेमानं म्हणाली, "आई, तिथं तुम्ही काहीच करायचं नाही, नुसतं बसायचं." तिला कल्पना नाही ती कसली शिक्षा सुनावतेय. मला चूल पाहिजे, मला दार पाहिजे, खाली उतरलं की कोथिंबीरवाला पाहिजे. एवढंच पाहिजे.

असो. जास्त काय लिहू, जास्तच लिहिलंय. दाजींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद, म्हशीला जे काय करतात ते.

तुझी,
शांतव्वा (फक्त नावाची)

ता. क. : मुख्य सांगायचं राहिलंच. सोमवारी संगमेशला घेऊन कोल्हापूरला ये आणि त्या डॉक्टरीणबाईंपुढं बसून मला पोटभर शिव्या घाल. पदराचं सांग, दौतीचं सांग, तांब्याचं सांग. घराण्याची अब्रू एक दिवस गडहिंग्लजलाच ठेवून ये. आयुष्यभर फुकट बोललीस, एकदा माझ्या कामासाठी बोल.

ता. क. २ : संगमेशच्या लग्नात वरमाला मी रिक्षात विसरले होते ते मात्र सांगू नकोस. सम्राटला ते अजून माहीत नाही.

ता. क. ३ : पाकीट बंद करायच्या आधी संगमेशला फोन केला, सोमवारी गाडी काढशील का विचारायला. तो म्हणाला, "मावशी, आमची अव्वा खोटं न्हाय बोलली. तिला खरंच तसं वाटतंय." म्हणाला, आठ महिने झाले, दाजींनी कुणाला कळू दिलं नाही. तू दिवसभर जोत्यावर गप्प बसून असतेस. कुणाला त्रास नाही, कशाला हट्ट नाही, येणारे-जाणारे म्हणतात म्हातारपणी किती छान निवळल्या. परवा तू त्याला विचारलंस, "पाव्हणं, कुणाच्या घरचं तुमी?" माझा धूर बयाबाईनं पुण्यापर्यंत पोचवला. तुझा धूरच निघाला नाही गं आक्का.

वरचं सगळं खोडणार होते. पण खोडत नाही. मी लहान होते हे माहीत असलेलं तू एकटंच माणूस उरलीस, आणि मी तुझ्यावर चार पानं रागावले. संगमेशला सांगितलंय, हे तुला मोठ्यानं वाचून दाखव. ऐकताना कुठंतरी भांड, "खोटं बोलतीस शांते" म्हण. मोर शांतव्वानंच भरला म्हणालीस तरी चालेल, माझी हरकत नाही.

तू येऊ नकोस. सोमवारी पहिल्या एस्टीनं मीच येते. डॉक्टरीणबाई वाट बघतील, सम्राट पुण्याहून येऊन दारात उभा राहील. त्याला सांगेन, वार विसरले. त्याला लगेच पटेल.