यशोधराले मी लग्नात आणतेच

राजूर, ता. वणी

आई, तुले आन बाबाले राजूरहून जयभीम.

राजदीपनं लिहून देल्लं तुहं पत्र भेटलं. इकडं सगळं ठीक आहे. यांची खाणीतली पाळी आता दिवसाची झाली. बाबाचा खोकला कसा आहे? यंदा कापूस बुडाला तरी राजदीपचं लग्न तुम्ही थांबवलं नाही, हे बरं केलं.

पण तू लिहिलं, यशोधराले शेजारी ठेवून ये, पावण्यांत चर्चा होते. अडीच वर्षांची पोरगी चालत नाही, हे लपवाले ती काही चोरी नाही, आई.

दवाखान्यातल्या बाईनं शिकवला तसा मी रोज तिचा व्यायाम घेते. गुडघ्यावर उभी करते, कमरेले धरून पाटावरून उठवते, बसवते. ती रडते. परवा शेजारच्या काकू म्हणे, "काहून छळतं व लेकराले?" मी म्हटलं, "रडू द्या काकू, पाय तिचेच आहेत, तिलेच लागतीन." त्या गेल्यावर मीबी रडली, ते जाऊ दे.

सोमवारी मी भाकरी थापत होती. मागं पाह्यलं तं यशो पेटीले धरून उभी. पाय थरथरत होते. मी हात लावला नाही. ती पडली, आन पुन्हा पेटीकडं सरकली.

चालेल कधी, हे दवाखान्यातली बाईबी सांगत नाही.

आम्ही तिघंबी येतो. मांडवात समोरच सतरंजी टाकून ठेव. वेळ झाली का मी तिथंच तिचा व्यायाम घेईन. कोणी विचारलं तं सांगजो, माही नात उभी राहाले शिकून राह्यली.

तुहीच पोरगी,
ममता