चादरीचं दुसरं टोक

ताई, तुला वाकून नमस्कार.

मी ठीक आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत?

टीव्हीवरचं माझं बोलणं तू मोबाइलवर शेजारीपाजारी दाखवत सुटली आहेस म्हणे. ते आधी बंद कर.

आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत इमिग्रेशनवाल्यांची धाड पडली. माझ्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरणारी बाई या देशात कागदपत्रांशिवाय राहत होती, तिला नेलं. बातमीदाराला मी म्हणालो, "कायदा मोडला तर परत पाठवायलाच हवं. मी रांगेत उभा राहून रीतसर आलोय. पण बाई सोन्यासारखी होती." एका चॅनलने सुरुवात दाखवली, दुसऱ्याने फक्त शेवट. माझ्या तोंडातला 'पण' दोघांनीही गिळला. माझं मत आजही तेच आहे, बरं का. सगळंच्या सगळं.

आता घडी एकट्यालाच घालावी लागते. चादर जमिनीला लागते आणि पुन्हा धुवावी लागते.

काल तिचा नवरा तिच्या चपला न्यायला आला. "तुम्हाला टीव्हीवर पाहिलं," एवढंच म्हणाला.

कोणत्या चॅनलवर, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

तुझा,
धाकटा