गाठोड्याची चादर

दि. २ जानेवारी

ती. ताईस, धाकट्याचा सा. न.

या खेपेला स्वतःच्या हातानं केलं ते सांगतो. तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेले चौकोनी साचे, मोडक्या पलंगाच्या पट्ट्यांची चौकट आणि बेकरीवाल्या बाईंची गोधडी. शिकवायला कुणी नव्हतं, हे तुला ठाऊकच आहे.

बाईंनी आपल्या गेलेल्या नवऱ्याचे शर्ट आणून दिले. वरची बाजू शर्टांच्या पाठींची, खालची बाह्यांची. अस्तराचा खर्च शून्य. आत नवा कापूस भरला असता तर मजुरी त्यातच बुडाली असती. पण तू पाठवलेलं जुन्या चादरींचं गाठोडं अगदी वेळेवर आलं. चिंधीसुद्धा वाया घालवली नाही. इंचाला आठ टाके, हवं तर मोजून घे. बाई पुढच्या शुक्रवारी न्यायला येतील.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, पातळ झाला तर आणखी एक थर घाल.

तुझा धाकटा

दि. ६ जानेवारी

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझं ‘चिंधीसुद्धा’ वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. अरे, गाठोडं ज्यात बांधलं होतं ती निळ्या काठाची चादर कुठाय? आतल्या चादरी तुला, ती परत यायची होती. आई शेवटी तीच पांघरायची. तीही भरलीस ना? सुक्याबरोबर ओलंही! तुझे भावजी म्हणतात, गाठोड्यासोबत मी आले असते तर मलाही शिवून टाकलं असतंस.

गोधडी पुरी झाली असेल तर उसवू नकोस. लोकांचं काम आहे. मी रागावले नाही. जेवत जा वेळेवर. माया आहे तशीच, तिला कात्री लावू नकोस.

ताई

दि. १२ जानेवारी

ती. ताईस, सा. न.

शुक्रवारी तुझं पत्र आलं आणि पाठोपाठ बाई जावयासह दारात. खरं ते सांगून दोन दिवस मागितले. जावई म्हणाले, आतलं कुणाला दिसतंय? बाईंनी चष्मा लावला, माझी कात्री उचलली आणि एका कडेनं उसवायलाच बसल्या. म्हणाल्या, यांचा एखादा शर्ट असा कुणाच्या गोधडीत गेला असता, तर मीही दार ठोठावलं असतं.

चादर सोबत पाठवतोय. तिच्या जागी माझ्या अंगावरची घातली. कापूस अजून महागच आहे. टाके पुन्हा आठच. या वेळी गाठोडं कागदात बांधलंय, माझा आता स्वतःवर भरवसा नाही.

रागावली नसलीस तर तसं पुन्हा एकदा लिही.

तुझा धाकटा

ता. क. भावजी मला चिकट म्हणतात म्हणून कळवतो. न उसवता आहे तशीच दिली तर जावई दुप्पट देत होते. नऊ हजार. नको म्हटलं.